तिकीट काढताना नवऱ्याने गप्प बसावे

"मग माझ्या बायकोलाच बसवू या की," असं बटणराव सकाळी सकाळी फोनवर बोलून गेले. वाक्य तसं साधंच होतं. आजवर जेवढ्या वेळा ते गोत्यात आले तेवढ्या वेळा अशाच साध्या वाक्याने आले, हा अनुभव गाठीशी होता, पण तो ऐनवेळी आठवला नाही. (बटणरावांना अनुभव नेहमी नंतर आठवतो.)

बटणराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीत ते पानं आखायचं काम करतात. म्हणजे स्क्रीनवर कुठे काय दिसावं, माणसाने कुठे बोट ठेवावं, हे ठरवणं त्यांच्याकडे. मागे एकदा 'पुढे चला' या एका बटणाचा हिरवा रंग ठरवायला त्यांनी पुरता महिना घेतला. त्या महिन्यात घरात हिरव्याखेरीज दुसरा विषय निघत नव्हता. तेव्हा त्यांच्या मेहुण्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

तर त्या दिवशी दहा वाजता एका थोर गायिकेच्या कार्यक्रमाची तिकिटं निघायची होती. बाईंचं वय झालेलं, कित्येक वर्षांत त्या लोकांसमोर गायल्या नव्हत्या, आणि हा एक कार्यक्रम करून आपण थांबणार असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. सभागृह बेताचंच. तिकिटं विकली जाणार होती ती बटणरावांनी आखलेल्या कोऱ्या करकरीत पानावरून. साहजिकच ऑफिसात सकाळपासून कुणी जागेवर बसत नव्हतं.

ऑफिसात चाचण्या घेणारी एक बाई आहे. तिचं काम मोठं विलक्षण. पान कधीही न पाहिलेल्या एखाद्या माणसाला ती स्क्रीनसमोर बसवते, त्याला "तिकीट काढा" म्हणते, आणि तो कुठे अडखळतो ते बघत राहते. तो चुकला तरी सांगायचं नाही. त्याने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. फार तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारायचं. माणूस चुकत नसतो, पान चुकत असतं, असं तिचं म्हणणं. शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सूचना देते, ती म्हणजे गप्प बसा. म्हणून ऑफिसने तिला गप्पताई करून टाकलं.

खरी विक्री चालू असताना एक खरं गिऱ्हाईक बघायचं, असं गप्पताईने ठरवलं होतं. त्यासाठी एक दंतवैद्य ठरले होते. पण सकाळीच त्यांची दाढ ठणकायला लागली आणि ते दुसऱ्या दंतवैद्याकडे गेले. तेव्हा बटणरावांच्या तोंडून ते वाक्य निघालं.

"चाचणीला नात्यातलं माणूस घ्यायचं नसतं," गप्पताई फोनवर म्हणाली.

"अहो, ती नाहीतरी तिकीट काढायला बसणारच आहे. आणि माझं काम तिने आजवर एकदाही बघितलेलं नाही."

"एकदाही नाही?"

"मी दाखवतो. ती बघत नाही."

"मग चालेल," गप्पताई विचार करून म्हणाली. "पण तुम्हाला गप्प बसता येईल का?"

"मला? घरी मी गप्पच असतो."

हे खरं होतं. पण बोलायला वाव नाही म्हणून गप्प असणं वेगळं आणि वाव असताना गप्प बसणं वेगळं, हा फरक बटणरावांना दहा वाजेपर्यंत ठाऊक नव्हता.

आता त्यांच्या बायकोविषयी सांगायला हवं. ती शाळेत भूगोल शिकवते. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं ती सांगते, पण या गायिकेवर तिचा जीव आहे. लहानपणी रेडिओवर बाईंचं गाणं लागलं की ती उठून पंखा बंद करायची. आवाजात दुसरा आवाज नको. मग उन्हाळा असो की काही असो, घामाघूम होऊन घरातली सगळी ऐकत बसायची. आणि एवढं असून तिने बाईंना समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. कधी परीक्षा आली, कधी पाहुणे आले, कधी बदली आली. आता हा शेवटचा कार्यक्रम होता. तिकीट मिळालं तर मिळालं, नाहीतर ही एक गोष्ट जन्माची राहून जाणार होती. तिने तसं बोलून दाखवलं नाही. पण शाळेतून रजा घेतली होती, आणि जेवणाचं टेबल सकाळपासून पुसत होती ते पुसतच होती.

टेबलावर लॅपटॉप ठेवला. ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर तिची स्क्रीन दिसणार होती, कोपऱ्यात या दोघांचे चेहरे आणि आवाजही. तिकडून मात्र इकडे काही ऐकू येणार नव्हतं. गप्पताई काय ते बटणरावांच्या फोनवर लिहून कळवणार होती. बटणरावांनी हे सगळं बायकोला सांगितलं.

"आणि एक. मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलायचं. काही लपवायचं नाही."

"जे जे येईल ते?"

"सगळं. तोच नियम आहे."

"बघ हं," बायको म्हणाली.

"आणि मी काही मदत करणार नाही."

"ते काय नवीन आहे," असं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली. (हे पहिलं वाक्य ऑफिसात स्पष्ट ऐकू गेलं, असं नंतर कळलं.)

दहा वाजले. पान उघडलं. पानावर अक्षरं उमटली की तुम्ही रांगेत आहात, आणि खाली तुमच्या पुढे किती जण आहेत तो आकडा. तो आकडा बटणरावांनीच डाव्या कोपऱ्यात बसवला होता. किती मोठा असावा यावर ऑफिसात बरीच वादावादी झाली होती. त्यांच्या लेखी ती एक मोठ्या अक्षरातली संख्या होती, दुसरं काही नाही.

"अगंबाई, माझ्यापुढे एवढी माणसं," बायको मोठ्याने विचार करू लागली. "एका बाईच्या आवाजासाठी. म्हणजे आत्ता या घटकेला एवढी सगळी आपापल्या घरात अशीच बसली असतील. कुणी दुकानाचं शटर अर्धं उघडून, कुणी गालाला साबण लावून तसाच. त्यांनाही कुणी नाही दिसत आणि मलाही कुणी नाही दिसत. पण रांग आहे. कमी होतोय आकडा. कुणीतरी पुढे सरकलं. मिळू दे हो त्यांनाही. पण मलाही मिळू दे."

बटणराव टिपणं घ्यायला कागद घेऊन बसले होते. ते लिहायचे थांबले. इतकी वर्षं ही बाई टेबलाच्या पलीकडे बसून जेवत होती आणि तिच्या डोक्यात हे असं काही चालत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. 'मीठ कमी आहे का' एवढंच बाहेर यायचं. बाकीचा सगळा समुद्र आतच. त्यांनी आकड्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यात माणसं दिसली.

रांग संपली. आता 'तुम्ही यंत्र नाही हे दाखवा' असं पान आलं. त्यात नऊ छोटी चित्रं, आणि 'डोंगर असलेली चित्रं निवडा' अशी सूचना.

"हा डोंगर. हा डोंगर. हे पठार आहे," बायको म्हणाली आणि पठार सोडून दिलं.

'पुन्हा प्रयत्न करा,' पान म्हणालं.

"का? माथा सपाट आहे की. कडा उभ्या आहेत. याला पठारच म्हणतात." तिने बटणरावांकडे पाहिलं. "हे पठार नाही का?"

"तुला काय वाटतं?" बटणराव नियमाप्रमाणे म्हणाले.

"मला वाटतं काय विचारतोस? पाचवीचं पोरगं सांगेल."

तिने पुन्हा पठार सोडलं. पानाने पुन्हा तिला यंत्र ठरवलं. फोनवर गप्पताईचा निरोप आला, 'फारच छान, चालू द्या.' पलीकडे जागा भराभर जात असणार हे बटणरावांना कळत होतं, आणि एका पठारापायी बायको दारात अडून राहिली होती. शेवटी तिसऱ्या खेपेला तिने पठारावर बोट टेकलं, पण चेहरा असा की वर्गात कुणी हे उत्तर लिहिलं असतं तर त्याची गय केली नसती.

मग नाव, पत्ता, आणि 'पुढे चला'.

"हे ते हिरवं बटण," बायको मोठ्याने विचार करत म्हणाली. "यासाठी महिना घातला याने. रोज रात्री दोन हिरवे दाखवून विचारायचा, कुठला बरा. मला दोन्ही सारखेच दिसायचे. मग म्हणायचा, तुला आणि ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना रंगातलं काही कळत नाही. मॅडमना तर पोपटी आणि शेवाळी एकच वाटतो म्हणे. बिचाऱ्या. त्यांच्या मागे एवढं काम असेल, त्या कुठे पोपटी बघत बसणार."

बटणरावांचा फोन थरथरला. 'मॅडम इथेच बसल्या आहेत.' ते खुर्चीत जरा खाली घसरले. फोन पुन्हा थरथरला. 'त्या म्हणतात, वहिनींना बोलू द्या.'

आता आला सभागृहाचा नकाशा. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण हा नकाशा म्हणजे बटणरावांचं लाडकं अपत्य. त्यात त्यांनी रंगमंच खाली काढला होता. बाकी सगळीकडे तो वर असतो, म्हणून आपल्याकडे खाली. गप्पताई तेव्हाच म्हणाली होती की लोकांना वरची रांग पुढची वाटेल. बटणरावांनी ऐकलं नव्हतं. 'रंगमंच' हा शब्दसुद्धा त्यांनी अशा फिकट राखाडी रंगात लिहिला होता की तो वाचायला डोळे बारीक करावे लागत. (तो रंग ठरवायला आठवडा लागला होता.)

"बाल्कनी नको," बायको सांगत होती. "जिन्यात अंधार असतो, आणि वरून बाईंचा भांगच दिसेल. डावीकडे खांब आहे. गेल्या वर्षी बक्षीस समारंभात त्या खांबाआड बसले होते, तर मुख्याध्यापकांचं नुसतं पोट दिसत होतं. उजवीकडे दार. कार्यक्रमात लोक उठून पाणी प्यायला जातात ते याच दारातून. बाईंचं वय झालंय, त्या खालच्या पट्टीत गातील, दाराचा आवाज त्यांना सोसायचा नाही. पण दार कुरकुरतं ते पुढचं, मागच्याला बिजागऱ्या नव्या बसवल्यात. आणि उशिरा येणारे मधून घुसतात, म्हणजे कडेची बरी. दोन हव्यात. शेजारी शेजारी."

बटणराव आ वासून ऐकत होते. ते स्वतः त्या सभागृहात मोजमापं घ्यायला जाऊन आले होते, पण बिजागऱ्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. एका बोटाच्या अंतरात ही बाई खांब, दार, जिना, बाईंचा घसा आणि अनोळखी लोकांची तहान, सगळं जमेला धरत होती. घरातली कामं कशी आपोआप होतात असं त्यांना नेहमी वाटायचं. ती आपोआप होत नसावीत, हा विचार त्यांच्या मनाला त्या दिवशी पहिल्यांदा शिवला, आणि ते मनापासून थक्क झाले.

तेवढ्यात तिचं बोट वर वर सरकलं. अगदी वरच्या रांगेत गेलं. कडेच्या दोन जागांवर टेकलं. जागा पिवळ्या झाल्या आणि पानाच्या माथ्यावर घड्याळ सुरू झालं. 'या जागा तुमच्यासाठी थोडा वेळ राखून ठेवल्या आहेत.'

बटणराव खुर्चीतून अर्धे उठले. ती शेवटची रांग होती. बिचारीला ती पहिली वाटली. जन्मभर जो आवाज ऐकायची वाट पाहिली तो ती दाराशेजारी, भिंतीला डोकं टेकून ऐकणार, आणि तेही नवऱ्याने रंगमंच उलटा काढला म्हणून. बोलावं तर ऑफिस ऐकतंय आणि गप्पताईचा नियम मोडतो. न बोलावं तर पुढचं सगळं आयुष्य याच घरात काढायचं आहे.

ते खोकले.

'खोकू नका,' फोन म्हणाला.

त्यांनी नकाशाच्या खालच्या बाजूला टक लावून पाहायला सुरुवात केली, म्हणजे बायकोचीही नजर तिकडे जाईल.

'डोळ्यांनी खुणा करू नका. कॅमेऱ्यात दिसतंय.'

"आता हा खोकतोय," बायकोचा मोठ्याने विचार चालूच होता. "याला काहीतरी सांगायचंय. मला न विचारता सोफा घेऊन आला होता तेव्हा दारात असाच खोकत उभा होता. आता काय केलंय कुणास ठाऊक. घड्याळ कशाला लावलंय वर? मला घाई करायला लावतंय. मी नाही करणार घाई."

तिचं बोट हिरव्या बटणाकडे निघालं. बटणरावांना राहवलं नाही.

"अगं, ती शेवटची रांग आहे."

फोनवर नुसतं एक टिंब आलं. गप्पताईने बहुधा डोक्याला हात लावला असावा.

"माहितेय मला," बायको म्हणाली.

"माहितेय? अगं, रंगमंच खाली आहे."

"दिसतंय की. फिकट लिहिलंय, पण लिहिलंय. नकाशा शिकवते मी, अरे. आधी कडेची अक्षरं वाचायची आणि मग नकाशा. तुला काय वाटलं, मी वर म्हणजे पुढे समजले?"

बटणरावांना अगदी तसंच वाटलं होतं. "मग मागे कशाला घेतेस? पुढे मोकळ्या आहेत अजून. तुला तर बाईंना जवळून..."

"तू घोरतोस म्हणून."

हे ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं असणार.

"मी गाण्यात घोरत नाही," बटणराव कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले.

"त्या बासरीच्या कार्यक्रमात पुढच्या माणसाने वळून विचारलं होतं, ही साथ कोण करतंय म्हणून. पुढच्या रांगेत तू सुरू झालास तर बाई गायच्या थांबतील. मागे दाराजवळ बसलो की तुला हळूच बाहेर नेऊन ठेवता येईल आणि मला परत येऊन ऐकता येईल."

"मग एकटीच जा ना."

"एकटीने कसली मजा? घरी येताना बोलायला कोण? तू हवास बरोबर. झोपलेला का होईना."

बटणरावांनी टिपणांचा कागद बाजूला सारला. या आवाजासाठी ती पोरवयापासून उकाड्यात बसत आली होती, आणि आता तो समोर ऐकायचा योग आला तर त्यांच्यासाठी सगळ्यात मागे, दारापाशी बसायला निघाली होती. आणि हे तिने ठरवताना कुणाला सांगितलंही नव्हतं. नियम नसता तर कळलंही नसतं. त्यांचे डोळे भरून आले. आणि डोळे भरून आले की बटणरावांना हमखास काहीतरी मोठेपणा करावासा वाटतो.

"नाही," ते उठून उभे राहिले. "तू मागे बसायचं नाहीस. मी झोपणार नाही. चहा पिऊन येईन. चिमटे काढून घेईन. पुढचीच घे."

"अरे, असू दे."

"असू दे नाही. मी सांगतो ना, पुढची घे."

"तुझा भरवसा नाही."

"माझा भरवसा नाही?"

"झोपेच्या बाबतीत नाही."

"इतक्या वर्षांत एक बासरी काय ती..."

"आणि भाचीच्या नाटकात? आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात? त्यांनी भाषण आवरतं घेतलं होतं, अरे."

फोन सारखा थरथरत होता. कुणी पाहिलं नाही. पानावरचं घड्याळ लाल झालं होतं आणि धडधडत होतं. शेवटचे काही क्षण उरले की ते धडधडावं, ही कल्पना बटणरावांचीच. त्याचं ऑफिसात कौतुक झालं होतं. आता ते त्यांच्या नाकासमोर जिवाच्या आकांताने धडधडत होतं आणि बटणराव निरोप समारंभाची बाजू मांडत होते.

मग ते थांबलं.

'वेळ संपली. तुमच्या जागा मोकळ्या करण्यात आल्या आहेत.' खाली एक हसरा चेहरा. तोही बटणरावांनी काढलेला, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून.

वरच्या रांगेतल्या त्या दोन जागा क्षणभर पांढऱ्या झाल्या आणि लगेच कुणाच्या तरी झाल्या. बायकोने नकाशा खालपासून वरपर्यंत पाहिला. सगळं भरलं होतं. दोन जागा शेजारी शेजारी कुठेच नव्हत्या. एखाददुसरी सुटी जागा दिसायची, ती खांबाआडची, आणि तीही बघता बघता जायची.

तिचं बोलणं बंद झालं. फोनवर आलं, 'त्यांना म्हणा, मनात येतंय ते बोला.' बटणरावांनी फोन पालथा घातला. मनात काय येत असेल ते त्यांना कळत होतं. आजवर एवढं कधी कळलं नव्हतं. ते तिच्या शेजारी नुसते बसून राहिले, आणि आता मात्र खरोखर गप्प बसले.

तेवढ्यात अगदी खालच्या रांगेत, बरोबर मधोमध, एक ठिपका पांढरा झाला. कुणाचं तरी घड्याळ संपलं असणार. कुठल्यातरी घरात आणखी एक नवरा बोलला असणार.

"एकच आहे," बायको हलकेच म्हणाली.

बटणराव काही बोलले नाहीत.

"पहिली रांग आहे रे. पण एकच आहे. घेऊ?"

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. सकाळपासून हेच वाक्य ते नियम म्हणून म्हणत होते. या वेळी त्यांना खरोखर ऐकायचं होतं.

"मला वाटतं, घ्यावं," असं म्हणून तिने हिरव्या बटणावर बोट टेकलं. तिकीट निघालं. पुढचं सगळं चुटकीसरशी झालं.

दुपारी गप्पताईचा निरोप आला. 'चाचणी उत्तम. पानात मोठा अडथळा एकच सापडला. तो खुर्चीवर बसला होता.' खाली मॅडमनी आपल्याकडून एक ओळ लिहिली होती, की शेवाळी आणि पोपटी यांतला फरक आपल्याला समजावून घ्यायचा आहे, उद्या लवकर यावे.

कार्यक्रमाच्या दिवशी बायकोने गाडी काढली, बटणराव शेजारी बसले. ती आत गेली तशी दारं लागली. बटणराव बाहेर पायऱ्यांवर थांबले. पाहतात तर तिथे तिकीट न मिळालेली पुष्कळ माणसं जमली होती. भिंतीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकू, म्हणून आली होती बिचारी. एक म्हातारे गृहस्थ तर थर्मास घेऊन बसले होते. त्यांनी बटणरावांना चहा दिला.

"तुमची गेली कशी जागा?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ संपलं," बटणराव म्हणाले.

"माझंही तेच झालं हो. चष्मा शोधेपर्यंत लाल झालं. त्या लाल घड्याळाने माझं ब्लडप्रेशर वाढवलं."

"आणि वर तो हसरा चेहरा," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "जागा गेली म्हणून सांगतो आणि हसतो."

"मला तर त्याने यंत्रच ठरवलं. डोंगर निवडा म्हणे," आणखी कुणीतरी म्हणालं.

"त्यातला एक डोंगर नव्हताच मुळी, पठार होतं," बटणराव म्हणाले. त्यांच्याभोवती माणसं जमली. सगळ्यांना पटलं. इतकी माणसं आपल्या बोलण्यावर माना डोलवताहेत, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. चहाही छान होता. त्यांना चेव आला. रंगमंच उलटा कसा, अक्षरं फिकट कशी, आणि हे ज्याने केलं त्याने जन्मात कधी स्वतः तिकीट काढलेलं नसणार, हे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितलं की लोक कौतुकाने ऐकत राहिले.

"तो माणूस एकदा सापडायला हवा," थर्मासवाले म्हणाले.

"सापडायलाच हवा," बटणराव म्हणाले.

आणि मग आतून आवाज आला.

बारीकसाच होता. जाड भिंतीतून, बंद दारातून, रस्त्यावरच्या गाड्यांमधून झिरपत आलेला. पण सगळी गर्दी एकदम गप्प झाली. कुणाला सांगावं लागलं नाही. दाराशी आलेल्या एका फुलवाल्याने मोटरसायकल सुरू करायला घेतली होती, तो किल्लीवर हात ठेवून तसाच राहिला. म्हातारा आवाज होता, जरासा कापरा, पण सुरावर येऊन ठेपला की तिथून हलतच नव्हता. बटणरावांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्यांच्या अंगावर काटा आला. आपण आकड्यात, ठिपक्यात आणि बटणात जे काय भरत होतो ते एवढं मोठं होतं, हे त्यांना त्या पायरीवर बसून कळलं. आणि त्यांना अजिबात झोप आली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ते टक्क जागे होते.

दारं उघडली. लोक बाहेर आले, आणि त्यात बायको. तिचा चेहरा असा काही झाला होता की बटणराव पाहतच राहिले. ती सरळ त्यांच्यापाशी आली.

"आत होतात तुम्ही?" थर्मासवाल्यांनी तिला विचारलं. "कसं झालं हो?"

"काय सांगू, आजोबा. पहिल्या रांगेत होते मी. बाई सूर लावायच्या आधी श्वास घ्यायच्या, तोसुद्धा ऐकू येत होता."

"पहिल्या रांगेत? तुम्हाला तिकीट मिळालं तरी कसं?"

बायकोने बटणरावांचा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण त्या दिवशी तिचं मन काठोकाठ भरलं होतं, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अभिमानाने म्हणाली, "या माझ्या नवऱ्यामुळे. ही तिकिटांची साइट आहे ना, ती यानेच केलीय. नकाशा, घड्याळ, हसरा चेहरा, सगळं याचं."

हेच वाक्य ऐकायला बटणराव जन्मभर आसुसले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं. गर्दी हळूहळू जवळ येत होती. थर्मासवाल्यांनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"या बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय," बटणराव म्हणाले. "मी यांना ओळखत नाही."

बायकोने दंड सोडला.

"हो, माझीच चूक झाली असेल," ती शांतपणे म्हणाली. मग तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि थर्मासवाल्यांकडे वळली. "आजोबा, तुम्ही कुठल्या बाजूला राहता? माझ्या गाडीत एक जागा रिकामी आहे. पुढची."